भिंगरीची डावी किडनी

२ मार्च

अहवालात शंका लिहिता येत नाहीत. तिथे "आढळले" किंवा "आढळले नाही" एवढ्या दोनच जाती. मला मात्र शंका फार येतात, आणि त्या ताईला सांगायला गेलं की ती शिवणाचं मशीन जोरात चालवायला लागते. ती घरी पडदे शिवते, त्यामुळे मशीन कायम हाताशी असतं. म्हणून ही दैनंदिनी.

आज मोठ्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावलं होतं. लहान मुलांना लघवीचा संसर्ग होतो, ताप चढतो, संसर्ग किडनीपर्यंत पोचतो आणि काही मुलांच्या किडनीवर त्याचा वण राहून जातो. वण म्हणजे तेवढा भाग कामातून गेला. पुढे मोठेपणी रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो वेळेवर कळलेला बरा. प्रश्न एवढाच की बघायचा कशाने: सोनोग्राफीने, एमआरआयने, की माझ्या कॅमेऱ्याने? येत्या काही महिन्यांत प्रत्येक मुलाची तिन्ही चित्रं काढून ती ताडून बघायची, असं ठरलं.

माझं काम सांगायला सोपं आहे. मुलाच्या हाताच्या शिरेत किरणोत्सारी औषधाचा अगदी थोडा डोस द्यायचा आणि दोन-तीन तास थांबायचं. औषध किडनीत जाऊन बसतं. मग कॅमेऱ्याखाली किडनी जिथे काम करते तिथे गडद दिसते आणि वण असेल तिथे कड उंदराने कुरतडल्यासारखी. या चित्रावर सगळ्यांचा भरवसा आहे, त्यामुळे बाकीच्या दोघांना माझ्या चित्राशी ताडूनच गुण मिळणार. मी तसं बैठकीत सांगितलंही. म्हणालो, मी परीक्षेला बसतच नाही, मी उत्तरसूची आहे.

सोनोग्राफीच्या नव्या डॉक्टरीणबाई समोर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि उत्तरसूचीच चुकीची छापली असेल तर?"

सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

९ मार्च

नियम ठरले. चित्र वाचताना मुलाचं आधीचं दुखणं विचारायचं नाही. एकमेकांची चित्रं बघायची नाहीत. निकाल लागेपर्यंत या मुलांविषयी आपसात अवाक्षर काढायचं नाही. हे तिन्ही नियम माझेच.

एमआरआयचा डॉक्टर पलीकडच्या इमारतीत बसतो. त्याला सगळे चुंबकवाला म्हणतात. त्याच्याशी न बोलणं सोपं आहे. बाईंची खोली मात्र माझ्या खोलीला लागून, आणि मधल्या बोळात चहाची किटली. त्या दिवसातून चार वेळा चहा घेतात. मी एकदाच घेत असे.

१८ मार्च

नियमाचा एक परिणाम माझ्या लक्षात आला नव्हता. कामाबद्दल बोलायची बंदी असल्यामुळे किटलीपाशी दुसरं काहीतरी बोलावं लागतं. मला दुसरं काही बोलता येत नाही. आज बाईंनी विचारलं, लहानपणी मला काय व्हायचं होतं. मी खरं सांगितलं, की मला ग्रंथपाल व्हायचं होतं, कारण तिथे कोणी बोलत नाही. त्या इतक्या हसल्या की कपातला चहा बशीत आला.

त्या मुलांच्या पोटावर लावायची जेली आधी गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करतात. मग त्याच जेलीने पोटावर बोटाने चित्र काढतात आणि मुलाने ते न बघता ओळखायचं. ससा, होडी, छत्री. भिंत पातळ आहे, त्यामुळे मला ऐकू येतं. आज एका मुलाने चार वेळा "बटाटा" असंच सांगितलं. मीही मनात बटाटाच धरला होता.

२ एप्रिल

ताईने विचारलं, हल्ली शर्टाला इस्त्री कोण करतं. मी म्हणालो, मीच. ती म्हणाली, बरं. नंतर बराच वेळ मशीन बंद होतं.

१४ एप्रिल

आज एक सहा वर्षांची मुलगी आली. घरी तिला भिंगरी म्हणतात, आणि ज्याने ते नाव ठेवलं त्याला नावं ठेवायला जागा नाही. खुर्चीवर बसून ती एकाच वेळी दोन्ही पाय, एक वेणी आणि बापाचा हात हलवत होती. बाप रंगारी आहे, लोकांची घरं रंगवतो. त्याच्या कानामागे आकाशी रंगाचा ठिपका होता. बोलताना तो सारखा आपले हात बघत होता, जणू तिथे काही लिहून आणलं आहे.

माझ्या प्रकारचं चित्र दुसऱ्या एका दवाखान्यात आधीच निघालेलं होतं. पुन्हा सुई टोचण्यापेक्षा तेच वाचावं, असं तिच्यावर उपचार करणारे सर्जन म्हणाले. सोनोग्राफी आणि एमआरआय इथे झाली. मी चित्र उजेडावर लावलं. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला खाच, ठळक. "वण आढळला" असं लिहिलं. इतकं स्वच्छ चित्र फार दिवसांनी बघितलं. एकही शंका आली नाही, आणि मला त्याचं समाधान वाटलं.

२४ एप्रिल

बाईंच्या खोलीतला पडदा विरला आहे आणि यंत्राच्या स्क्रीनवर उन्हाची तिरीप येते. सोनोग्राफीला अंधार लागतो. हे मी ताईजवळ सहज बोललो. तिने लगेच माप आणायला सांगितलं. मी म्हणालो, दवाखान्याची खरेदी वेगळी होते. ती म्हणाली, माप आण. मी दोनदा माप घेतलं, कारण पहिल्यांदा घेतलेलं घरी येईपर्यंत विसरलो. असं मला कधी होत नाही. झोप कमी पडत असावी.

६ मे

आज फार वाईट बोललो.

सर्जननी मला आणि बाईंना एकत्र बोलावलं. म्हणाले, अभ्यासाचे नियम तुमच्याकडे, माझ्यापुढे मूल आहे. भिंगरीची लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते. त्यात डाव्या किडनीवर वण पडला असेल तर ऑपरेशन करून ती वाट बंद करायची, आणि त्याची तारीखही ठरली आहे. पण सोनोग्राफीत वण नाही. चुंबकवाल्यालाही दिसला नाही. दिसला तो एकट्या मला.

मी म्हणालो, सोनोग्राफीतून वण निसटतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनी ते मान्य केलं. पण दोन वेगळ्या यंत्रांमधून एकच वण कसा निसटला, असं त्यांनी विचारलं. त्यावर मी म्हणालो की, चष्मा हरवलेली दोन माणसं एकत्र आली म्हणून काही जास्त दिसत नाही.

सर्जन खिडकीबाहेर बघायला लागले. मग बाईंनी आवाज न चढवता विचारलं, "तुमचं चित्र कधी काढलंय?"

"नियमाप्रमाणे मला ते माहीत नाही."

"मला माहीत आहे. पोटावर हात ठेवला की मुलं आपणहून बोलतात. ती म्हणाली, तेव्हा मला खूप ताप होता आणि मशीनखाली थंडी वाजत होती."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. ऐन तापात किडनीचा सुजलेला भाग औषध घेत नाही. चित्रात तिथेही खाच दिसते, अगदी वणासारखी. सूज उतरते आणि खाच भरून येते. वण असेल तर भरत नाही. एका चित्रावरून दोघांतला फरक ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो.

सर्जननी विचारलं, मग कळणार कधी. ताप फेब्रुवारीत आला होता. मी म्हणालो, सहा महिने जाऊ द्यायचे आणि पुन्हा चित्र काढायचं. म्हणजे सप्टेंबर धरून चाला. ते म्हणाले, "थांबा म्हणणं सोपं आहे. तोवर पुन्हा ताप आला आणि खरोखरच वण पडला, तर त्या रंगाऱ्याला तोंड कोण दाखवणार?"

मी म्हणालो, "मी."

असं मी का म्हणालो ते मला माहीत नाही. माझं काम चित्र वाचण्याचं आहे. बाई म्हणाल्या, "आम्ही दोघं."

७ मे

चष्म्याबद्दल माफी मागितली. बाई म्हणाल्या की त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. मग म्हणाल्या, थोडं घेतलं होतं. मग किटलीतला शेवटचा चहा मला दिला.

१२ मे

काल रंगाऱ्याला आम्ही दोघांनी समोर बसवून सांगितलं. ऑपरेशन पुढे ढकलायचं. तोवर रोज रात्री औषधाचा एक डोस, अंगाला हात गरम लागला की लगेच लघवी तपासून घ्यायची. मी बोललो ते त्याला समजलं नाही. बाईंनी त्याला विचारलं, भिंतीला ओल आली की रंग फुगतो, पण भिंत पडली आहे की नुसती ओली आहे हे कसं ठरवता. तो म्हणाला, वाळू द्यायची आणि मग ठोकून बघायची. बाई म्हणाल्या, आपण तेच करतोय.

त्याने सुटकेचा श्वास सोडला. मी सोडला नाही. रात्रभर एकच विचार: पोरीला दुसऱ्यांदा सुई आणि किरण, थोडे का असेनात, ते तिच्यासाठी की मी बरोबर होतो की चूक हे ठरवण्यासाठी? पहाटे उत्तर मिळालं. वण नसेल तर ऑपरेशन टळेल. तिच्यासाठीच. मग झोप लागली.

८ जून

रंगारी येऊन गेला. सगळं ठीक. म्हणाला, तुमच्या बाईंनी सांगितलं तसं औषध जेवणानंतर देतो. मी त्याला सांगितलं की त्या माझ्या बाई नाहीत, सोनोग्राफीच्या आहेत. तो "हो हो, तेच" म्हणाला.

२१ जून

बाई ताईने शिवलेल्या पडद्याचे आभार मानायला घरी आल्या. ताईने त्यांना जेवू घालूनच पाठवलं. दोघी इतकं बोलत होत्या की मला ताटात काय होतं ते आठवत नाही. ताई मला लहानपणापासून 'पोथी' म्हणते, हे तिने पाहुणीला सांगायची काही गरज नव्हती. शिवाय मी नववीत असताना वर्गातल्या मित्राला लिहिलेल्या पत्राच्या खाली संदर्भसूची जोडली होती, तेही सांगितलं. बाई डोळे पुसत हसत होत्या. जाताना म्हणाल्या, "पोथी, उद्या भेटू."

ताईने तोंड लपवायला पातेली घासायला घेतली. आमच्याकडे पातेली घासायला बाई येते.

१९ जुलै

दुपारी रंगाऱ्याचा फोन. भिंगरीला ताप आहे. मी जिना उतरेपर्यंत बाई खाली पोचल्या होत्या. तो पोरीला खांद्यावर घेऊन आला, हाताला ओला पांढरा रंग तसाच. लघवी तपासायला दिली. आम्ही तिघं बाकावर ओळीने बसलो. माझ्या मनात एकच गोष्ट: मी थांबा म्हणालो होतो. बाईंनी माझ्या हातातली फाइल काढून घेतली, कारण मी तिचा कोपरा फाडत होतो.

लघवी स्वच्छ. घसा लालभडक. शेवटी भिंगरीने कबूल केलं की शेजारणीच्या लग्नात तिने सहा आइस्क्रीम खाल्ली होती. बापाला हसावं की रागवावं ते कळेना. मग तो रडला. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि माझा रुमाल. रुमाल माझ्या खिशातून त्यांनी कधी काढला ते मला कळलं नाही.

५ ऑगस्ट

बाई आठ दिवस रजेवर, भावाकडे गेल्या आहेत. कामं वेळेवर होताहेत. चहा बेचव आहे. किटली बदलायला सांगितलं.

१३ ऑगस्ट

बाई आल्या. चहा आपोआप सुधारला. पाण्यात काहीतरी असणार.

१६ सप्टेंबर

आज भिंगरीचं चित्र.

सकाळी इंजेक्शन दिलं. ती फक्त एकदाच ओरडली, तेही बापावर. दुपारी कॅमेऱ्याखाली घ्यायची वेळ आली. इथे अडचण. प्रत्येक बाजूचं चित्र निघताना काही मिनिटं अजिबात हलायचं नाही. हललं की कड पुसट होते, आणि आम्हाला नेमकी कडच बघायची. भिंगरीला झोपेतही स्थिर कोणी बघितलेलं नाही, असं तिचा बाप म्हणाला. गुंगीचं औषध द्यावं का, हा विचार मला पसंत नव्हता.

मी तिला स्थिर राहण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. तिने ऐकलं आणि दोन्ही पायांनी टाळी वाजवली.

बाई आत आल्या. म्हणाल्या, आपण पुतळा-पुतळा खेळू. भिंगरीने अट घातली की खेळायचं तर सगळ्यांनी, आणि काकांनी आधी. काका म्हणजे मी. मी म्हणालो, मला चित्रावर लक्ष ठेवायचं आहे. ती म्हणाली, पुतळ्याचे डोळे उघडे असतात.

तेव्हा मी एक हात वर करून उभा राहिलो. बाई भाला धरल्यासारख्या उभ्या राहिल्या. रंगारी दारात ब्रश धरल्यासारखा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक ठिपका जमत होता. माझ्या नाकावर माशी बसली. भिंगरीने ती बघितली, मी बघितली, बाईंनी बघितली. बाईंचे खांदे हलायला लागले, पण ओठ मिटलेले. मी डोळ्यांनी विनवलं. माशी चालत चालत टोकापर्यंत गेली आणि उडाली. भिंगरीचा केससुद्धा हलला नाही. तिला जिंकायचं होतं.

मग कूस बदलून पुन्हा तेच.

शेवटचं चित्र निघाल्यावर मी हात खाली घेतला आणि पडद्याजवळ गेलो. डावी किडनी. वरचं टोक. गोल, गडद, अखंड. मी ते दुसऱ्या कोनातून बघितलं. तिसऱ्या कोनातून बघितलं. जुनं चित्र शेजारी लावलं. तिथे होती ती खाच इथे नव्हतीच. एमआरआय बरोबर होती. सोनोग्राफी बरोबर होती. मी चुकलो होतो, आणि आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

रंगाऱ्याला मी म्हणालो, "भिंत वाळली. भक्कम आहे."

तो समजला. त्याने माझा हात धरला तो सोडेचना. त्यानंतर मी हा निकाल सांगायला सर्जनकडे बोळातून पळत गेलो, असं म्हणतात. ते शक्य आहे.

१० ऑक्टोबर

सगळे निकाल उघडले. माझ्या कॅमेऱ्याने धरलेले बारीक वण सोनोग्राफीतून बऱ्याच मुलांत निसटले होते. बाईंनी एकेक चित्र पुन्हा लावून बघितलं आणि मोकळेपणाने सांगितलं की इथे माझा हात कमी पडला. मला वाटलं होतं मला जिंकल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. मी त्यांना आठवण करून दिली की सोनोग्राफीच्या वेळी ती मुलं रडत होती, हलत होती. चुंबकवाल्याची चित्रं जवळजवळ माझ्याइतकी चांगली निघाली, तीही सुईशिवाय आणि किरणांशिवाय. फक्त तिथे मुलांना निपचित पडून राहावं लागतं आणि यंत्र ढोल बडवल्यासारखं वाजतं. आणि मी "वण" म्हटलेल्यांपैकी काही वण नव्हतेच.

आमचा निष्कर्ष: सोनोग्राफी सगळ्यांची करा, पण ती स्वच्छ आली म्हणून निश्चिंत होऊ नका. शंका असेल तर पुढचं चित्र काढा. आणि कुठलंही चित्र वाचण्यापूर्वी ते कधी काढलं ते विचारा. हे शेवटचं वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं.

सर्जननी भिंगरीचं ऑपरेशन रद्द केलं. या वयात लघवीचं उलटं चढणं पुष्कळदा आपोआप थांबतं. औषध आणि लक्ष, एवढं पुरे.

५ नोव्हेंबर

भिंगरी आई-बाबांना घेऊन भेटायला आली. पलीकडच्या वॉर्डापर्यंत धावत गेली, धावत आली. निघताना मला म्हणाली, "काका, तुम्ही घरी जाताना काकूंना बरोबर का नेत नाही?"

मी विचारलं, कोण काकू. तिने बाईंच्या दाराकडे बोट दाखवलं. मी तिला समजावून सांगितलं की त्यांचं घर वेगळं आहे. तिने विचारलं, का.

तिची आई तिला ओढत घेऊन गेली.

त्यानंतर मी तीन अहवाल लिहिले आणि तिन्ही फाडले. एका उजव्या किडनीला मी "काकू" लिहिलं होतं. दुपारी चहा घेतला. चहा नेहमीसारखाच होता, बाईंनी केलेला. किटलीत आणि पाण्यात कधीच काही नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला. जिन्यात तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली आणि दार उघडल्यावर चौथंच निघालं.

मी म्हणालो, "तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?"

त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, "हे तुमच्या मनात कधीपासून आहे?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "आज सकाळी अकरापासून."

त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि हसत सुटल्या. शेजारचं दार उघडलं आणि बंद झालं. मी उभाच होतो. दम घेऊन त्या म्हणाल्या, "रंगाऱ्याने मला जूनमध्येच विचारलं होतं, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, डॉक्टरांचं निदान अजून व्हायचंय."

मग त्यांनी मला हाताला धरून उंबऱ्यावर शेजारी बसवलं आणि "हो" म्हणाल्या. एकदा मी विचारलं म्हणून, आणि पुन्हा एकदा, मला नीट ऐकू आलं का याची मला शंका आली म्हणून.

आम्ही दोघं चालत घरी आलो. ताईने दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि काहीही न विचारता बाईंना मिठी मारली. आता दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या आहेत. माझं नाव दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा पाठोपाठ हसू. मला आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण आज आत बसवत नाही. जातो.